शेवटचं कोण?

यंत्र एकदाच वाजलं. जहाजाच्या दारातल्या माणसानं एनारचं कार्ड त्यावर टेकवलं, हिरवा दिवा लागला, पडद्यावर तिचा फोटो आला आणि गेला. माणसानं मानेनं 'चला' म्हटलं तरी एनार तिथेच उभी राहिली, दुसऱ्यांदा वाजण्याची वाट बघत. व्हॅलेन्सियाला दोनदा वाजलं होतं, मालागाला दोनदा वाजलं होतं. एकदा तिच्यासाठी आणि एकदा बाबागाडीच्या दांड्याला बांधलेल्या हिमेनाच्या कार्डासाठी. "काही विसरलात का, सेन्योरा?" त्या माणसानं विचारलं. "नाही," ती म्हणाली आणि शिडी उतरायला लागली. कठडा धरायला दोन्ही हात मोकळे होते. आठ महिन्यांत ते असे मोकळे कधी नव्हते, आणि आता त्यांचं करायचं काय हे तिला सुचत नव्हतं. तिनं आधी ते खिशात घातले, मग बाहेर काढले, मग पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी असा धरला की जणू त्या पिशवीलाच कोणी पळवून नेणार होतं.

काल रात्रीच्या जेवणाला हे ठरलं होतं. तिचा नवरा फेर्मीन म्हणाला होता की उद्या कादिझ, बंदर शहराच्या अगदी पायाशी आहे, दोन पावलांत गाव, तर उद्याचा दिवस एनारचा. एकटीचा. फोनसुद्धा केबिनच्या खणात. फेर्मीन शाळेत मुलांना संगीत शिकवतो आणि नियम घालून दिला की माणसं सुखी होतात असं त्याला वाटतं. "आणि हिला काही लागलं तर?" एनारनं विचारलं होतं. तेव्हा सासूबाई, म्हणजे पुरा, काट्यानं खरबुजाची फोड टोचत म्हणाल्या, "जा गं तू. मी चार वाढवलीत. त्यातला एकच बिघडला, तो तुला दिलाय." सगळे हसले. हिमेनाही हसली, कारण सगळे हसले. एनारनं तेवढ्यात तिच्या डोळ्यांकडे बघून घेतलं, दोन्ही बाहुल्या सारख्याच आकाराच्या आहेत ना ते.

हे बघणं तीन आठवड्यांचं होतं. तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी, सेगोव्हियातल्या त्यांच्या घरी, दुपारी, मोठ्या पलंगावर हिमेनाला ठेवून एनार कपाटातून मलमाची डबी काढायला वळली होती. वळली म्हणजे नुसती वळली, पाऊलही टाकलं नव्हतं. मागे ओला टॉवेल फरशीवर पडावा तसा आवाज झाला. मग काहीच नाही. त्या काहीच-नाहीमध्ये एनारनं चार आकडे मोजले होते, का मोजले ते देव जाणे, आणि चारानंतर हिमेना रडली. सूज नाही, टेंगूळ नाही. छातीशी घेतलं तर प्यायली. तासाभरानं स्वतःच्याच पायाशी खेळायला लागली. संध्याकाळी फेर्मीन आला, पोरीचे लाल डोळे बघून त्यानं विचारलं, "काय झालं हिला?" आणि एनार म्हणाली, "दात येतायत." दात खरंच येत होते. ती गावाच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती, कशात काय किती मिसळलंय हे जसंच्या तसं लिहून देणं हेच तिचं काम, आणि ही दोन शब्दांची भेसळ तिच्या तोंडून इतकी सहज बाहेर पडली की ती स्वतःच चकित झाली. दुसऱ्या दिवशी सांगू असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सांगायचं म्हणजे आता दोन गोष्टी सांगायच्या, पडली ती आणि लपवलं ते. पुढच्या आठवड्यात आणखी वाढलं. आता हे या सहलीत सांगायचं, नाहीतर आयुष्यभर सांगणं होणार नाही, असं तिला आतून कळून चुकलं होतं. आज मंगळवार. सहल रविवारी संपत होती.

वारा पूर्वेचा होता. बंदराचं फाटक ओलांडलं आणि पहिल्याच गल्लीत त्यानं तिचे केस तोंडावर आणून टाकले. शहाणी माणसं अशा वाऱ्यात खिडक्या लावून बसतात, पण इथे कोणी शहाणं दिसत नव्हतं. दारादारांत गप्पा चालल्या होत्या, ओरडूनच, कारण वारा वाक्यं अर्ध्यावरून उचलून नेत होता. एनार एका कोपऱ्यावर थबकली. घराच्या कोपऱ्याला चिकटून, जमिनीत नाक खुपसून, एक तोफ उभी पुरलेली होती. पुढच्या कोपऱ्यावर आणखी एक. जुन्या काळी घोडागाड्यांची चाकं वळताना भिंती खरवडत, म्हणून निकामी तोफा कोपऱ्यांना राखण म्हणून लावल्या होत्या. तिनं त्या लोखंडावर तळहात ठेवला. उन्हानं तापलेलं, खारं, वर्षानुवर्षांच्या पाठी टेकून गुळगुळीत झालेलं. ज्या वस्तूनं जहाजं बुडवली तिला नंतर कोणी सांगितलं, आता तू फक्त हा कोपरा सांभाळ, कोणाला लागू देऊ नकोस. आतून ती पोकळ असेल का? पाऊस आत जात असेल का, की मातीनं भरली असेल? मागच्या बाजूला, जिथे बत्ती देत, ते छिद्र कुठे गेलं? ती वाकून शोधायला लागली. ते शेवाळानं बुजलेलं सापडलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की ती मोठ्यानं "हं!" म्हणाली. आणि त्याच क्षणी ध्यानात आलं की एवढा वेळ, किती वेळ ते ठाऊक नाही, आपल्याला मुलगी आहे हे आपण विसरलो होतो. ती झटकन सरळ झाली. पण तोफेच्या माथ्यावर तो आनंद तसाच बसून होता, निर्लज्जासारखा पाय हलवत.

मग ती पुढच्या तोफेकडे गेली, आणि पुढच्या. गल्ली संपली की समुद्र दिसे, दुसऱ्या गल्लीत वळलं की तिच्याही टोकाला समुद्र. सेगोव्हियात रस्ता संपला की डोंगर लागतो, म्हणजे रस्ता अडतो. इथे रस्ते अडत नव्हते, नुसते ओले होत होते. असं हिंडत हिंडत ती मंडईत आली. खांबांच्या चौकात मासळीचे ओटे, आणि ओट्यांवर मे महिन्याचा कुपा मासा, बैलाएवढा, गडद लाल मांसाचा. परदेशी प्रवासी त्याचे फोटो काढत होते. एनार एका ओट्यापाशी पोचली, समोर सात-आठ बायकामाणसं मनाला येईल तशी उभी होती, आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं, "शेवटचं कोण?"

"मी," एक म्हातारी म्हणाली. बुटकी, पांढऱ्या केसांना निळसर झाक, पायात कापडी चपला. "माझ्यापुढे ती हिरव्या स्वेटरची. तिच्यापुढे कोण ते तिचं तिला माहीत."

झालं, एनार रांगेत लागली. या देशात रांग डोळ्यांना दिसत नाही, ती माणसांच्या डोक्यात असते. सहा वर्षांची असताना आई तिला खाटकाच्या दुकानात पुढे पिटाळायची आणि म्हणायची, "शेवटचं कोण ते विचार. आपल्यापुढे कोण आणि मागे कोण एवढं डोक्यात ठेव, मग बाकीचं जग कुठंही भटकू दे." ती ते इतकं मन लावून करायची की तिच्या पुढची बाई कोपऱ्यावरच्या दुकानात गेली तर तीही मागोमाग जायची, नजरेआड होऊ नये म्हणून. आता हिरवं स्वेटर आणि निळसर केस मनात पक्के झाल्यावर तिला आठवलं की आपल्याला मासे नको आहेत. आपल्याकडे चूल नाही. आपण जहाजावर राहतो, तिथे मासे थाळीत सजून येतात. तिला हसू आलं. पण निघून जावंसं वाटेना. मुशी, माकूल, अजून मिशा हलवणारी करंदी, सगळ्यांची नावं पाटीवर खडूनं लिहिलेली, आणि ओट्यावरून निथळणारं पाणी कुठे जातं, समुद्राचं की नळाचं, हे तिला बघायचं होतं.

"तू वरच्या मुलखातली," म्हातारी म्हणाली.

"सेगोव्हियाची. तुम्ही इथल्याच?"

"तुम्ही? अगं, मी काय बिशप आहे? मी रेग्ला. हे बघ, मी पाव घेऊन येते तोवर माझा नंबर धर. कोणी आलं तर सांग, हिरव्या स्वेटरनंतर रेग्ला, रेग्लानंतर तू. आणि मुशी किती उरलीय त्यावर डोळा ठेव. फार नाही दिसत."

ती गेली. एनार ताठ उभी राहिली. कोणी आपल्यावर काहीतरी सोपवलंय याचा तिला चक्क अभिमान वाटला. एक टोपीवाला आला, त्यानं विचारलं, "शेवटचं कोण?" ती म्हणाली, "मी. पण माझ्यापुढे एक बाई आहेत, पाव आणायला गेल्यात." टोपीवाल्यानं डोकं हलवलं; ऐकलं की नुसतं हलवलं ते कळलं नाही. मुशीचे दोन तुकडे उरले होते. हिरव्या स्वेटरचा नंबर लागला. आणि तेव्हा पलीकडच्या भाजीच्या ओट्यामागे कुठलंसं तान्हं बाळ रडलं. ते हिमेनासारखं रडलंही नाही, जाड आवाजाचं होतं, मुलगा असावा. पण एनारच्या छातीला मुलगा-मुलगी कळत नव्हतं. दोन्हीकडून ऊब धावली आणि पट्ट्यापट्ट्यांच्या ब्लाउजवर दोन ओली वर्तुळं पसरायला लागली. तिनं पिशवी छातीशी धरली, कोणाला काही न बोलता मागे सरली, आणि खांबांमधून वाट काढत, विचारत विचारत, मंडईच्या संडासात जाऊन दार लावून घेतलं.

तिथे भिंतीला टेकून तिनं दूध बेसिनमध्ये पिळून टाकलं. पांढरं पाणी भोवऱ्यासारखं फिरून खाली गेलं. हेही समुद्रालाच मिळणार. जहाजावर आत्ता खणात फोन, गाडीत हिमेना, बाटलीत सकाळी काढून ठेवलेलं दूध. सगळं जागच्या जागी आहे, असं तिनं स्वतःला बजावलं. ब्लाउज धुतला, पिळला, तसाच ओला अंगात घातला, आणि दाराच्या कडीला हात लावला तेव्हा डोक्यात लख्खकन आलं: नंबर.

ती धावली. पण आवाज लांबूनच ऐकू आला.

"हिरव्या स्वेटरनंतर मी होते!"

"हिरवं स्वेटर घरी जाऊन चुलीपाशी पोचलंसुद्धा असेल, रेग्ला," मासेवाला म्हणत होता.

"मी त्या पट्ट्यापट्ट्यांच्या ब्लाउजवालीला सांगून गेले होते. उंच, फिकट, वरच्या मुलखातली!"

"कुठंय ती?" टोपीवाल्यानं हात पसरले. त्याच्या पुडीत मुशीचे दोन्ही तुकडे बांधून झाले होते. "मला तर कोणी दिसत नाही. भूत होतं का?"

"भूत असतं तर तुझ्याहून सभ्य असतं!"

लोक हसले. रेग्ला हसली नाही. पावाची पिशवी तिनं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि चहूकडे बघितलं, खरोखर शोधत, कारण तिची अजून खात्री होती. एनार खांबामागे होती. चार पावलं पुढे टाकायची आणि म्हणायचं, मी आहे, या खरं सांगतायत. एवढंच. तिनं मोजलं. एक, दोन, तीन, चार. चारानंतर ती वळली आणि मंडईच्या दुसऱ्या दारानं बाहेर पडली.

नंतरचे तीन-चार तास ती चालत राहिली. पाय त्यांच्या मर्जीनं जात होते, आणि नवल म्हणजे डोळे मिटत नव्हते, लाज वाटत असतानाही बघतच होते. गच्च्यांवर उभे असलेले टेहळणीचे मनोरे तिनं पाहिले. आपलं जहाज परत येतंय का ते व्यापारी तिथून बघत, महिनोन् महिने. जहाज दिसेपर्यंत त्यांचा जीव कसा राहत असेल? आणि दिसल्यावर, लोकांसमोर धावत खाली येत असतील, की आधी एकटेच जरा वेळ वर बसून राहत असतील? एका बारमध्ये तिनं नळाचं पाणी मागितलं, जिभेवर घोळवलं. "क्लोरीन जरा जास्त आहे," ती म्हणाली. म्हाताऱ्या वेटरनं पंचा खांद्यावर टाकला. "माझ्या जिवा, पाण्याची नालस्ती करायला सेगोव्हियाहून आलीस? वाइन घे, तिच्याबद्दल अजून कोणाची तक्रार नाही." आपण सेगोव्हियाचे हे याला कसं कळलं? मग लक्षात आलं, मघाशी आपणच बोललो असू. ती बोलत होती, अनोळखी माणसांशी, नको ते सगळं. फक्त जे बोलायचं होतं ते नाही. फेर्मीन रागावेल याची भीती नव्हतीच. तो रागावणार नाही, 'होतं असं' म्हणेल, कपाळावर ओठ टेकेल. आणि त्या 'होतं असं'मध्ये ते चार आकडे, जे तिनं एकटीनं मोजले, कायमचे बुडून जातील. की तो रागावेल? तेही ठाऊक नव्हतं. सात वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याचं तोंड त्या क्षणी कसं होईल हे तिला सांगता येत नव्हतं, आणि, याचंही तिला नवलच वाटलं, ते बघायची तिला उत्सुकता होती.

चार वाजून गेल्यावर ती शहराच्या पश्चिम कडेच्या छोट्या चौपाटीवर उतरली. इथे शहराची पाठ वाऱ्याला होती म्हणून वाळू स्वस्थ होती. ओहोटी होती. होड्या कुशीवर लवंडल्या होत्या. भिंतीच्या सावलीत घडीच्या खुर्च्यांवर चार म्हाताऱ्या मांडीवर आकड्यांची पुठ्ठी घेऊन हाऊजी खेळत होत्या, खुणेला काबुली चणे. त्यातलं एक डोकं निळसर होतं. एनार मागे फिरणार तोच आवाज आला.

"ए भूत!"

मैत्रिणींनी माना वळवल्या. एनार त्यांच्यापाशी गेली, वाळूत चपला काढाव्यात की नाही हे न कळून काढल्या. "मी तिथेच होते," ती म्हणाली. "खांबामागे. तुम्ही मला शोधत होतात तेव्हा. मी पुढे आले नाही."

"दिसलीस की. खांब बारीक आहे तो, आणि तू काही काठी नाहीस."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी का बोलू? बोलायचं तुझ्याकडे होतं." रेग्लानं चणा पुठ्ठ्यावर ठेवला. "मुशी त्या टोपीवाल्यानं गिळली. नवरा गेल्यापासून मंगळवारी मुशीच करते मी, व्हिनेगरात आणि जिऱ्यात मुरवून. आज माकूल खाल्लं. चिवट होतं. बस."

एनार वाळूत बसली. "ब्लाउज ओला झाला होता. बाळ रडलं कोणाचं तरी."

"ते कळलं मला. तुझं केवढं आहे?"

"आठ महिन्यांची. मुलगी. जहाजावर, तिच्या बाबाजवळ."

"हे बघ, पोरी. रांग सोडून जाणं हा काही गुन्हा नाही. इथे सगळेच सोडून जातात, कोणाला पाव, कोणाला लघवी. फक्त मागच्याला सांगायचं. मी चालले, तुझ्यापुढे आता ती. मग रांग तुटत नाही. तू तोंड शिवून गेलीस."

"सदतीस!" आकडे काढणारी ओरडली.

"माझी मुलगी पडली," एनार म्हणाली. हे आपण म्हणालो की कोणी दुसऱ्यानं, असं तिला क्षणभर वाटलं. "पलंगावरून."

रेग्लाचा हात थांबला. "आज?"

"तीन आठवडे झाले."

"ओकली?"

"नाही."

"झोपाळली? मान टाकली?"

"नाही."

"आणि आता?"

"आता रांगते."

"तरी डॉक्टरला दाखव, रांगणारीलाही दाखवता येतं. कोणाला सांगितलंस?"

एनारनं बोटानं वाळूत एक रेघ ओढली. मग म्हणाली, "तुम्हाला."

"वा!" रेग्ला मैत्रिणींकडे वळली. "ऐकलंत? सेगोव्हियाहून आली, आख्ख्या समुद्राला वळसा घालून, आणि सांगते कोणाला, तर मला!" मग तिनं एनारच्या बाहीला लागलेली वाळू दोन टिचक्यांनी उडवली. "मी काय करू ते घेऊन? आधीच पोटात माकूल आहे. जहाज किती वाजता?"

"सहाच्या आत चढायचं."

"मग तुझ्याकडे तास आहे आणि मला एका आकड्याची वाट बघायचीय. ऊठ. आणि समुद्राच्या कडेनं जाऊ नकोस, वारा पाडेल. गल्ल्यांतून जा."

ती गल्ल्यांतून गेली. सकाळच्या तोफा आता दुसऱ्या बाजूनं भेटत होत्या, सावली पडलेल्या. फाटकातून आत शिरल्यावर जहाज अंगावर आल्यासारखं उभं होतं, आणि त्याच्या पायाशी दोरखंडांच्या मध्ये प्रवाशांची सरळ, आखलेली रांग लागली होती. रांगेच्या टोकाला फेर्मीन होता. खाली उतरून आला होता, नियम मोडून, बाबागाडी घेऊन. हिमेनाच्या डोक्यावर वाऱ्यासाठी हनुवटीखाली बांधलेली टोपी होती आणि ती टोपीची नाडी चघळत होती. एनारला बघून तिनं आख्खं अंग उडवलं.

"बाई, तुम्ही कोण? आमची एक बायको होती, सकाळी शहरात सोडली होती," फेर्मीन म्हणाला. "कसं होतं कादिझ?"

"फेर्मीन," ती म्हणाली, "तीन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी, हिमेना पलंगावरून पडली. मी मलम घ्यायला वळले होते. चार आकडे मोजेपर्यंत ती रडली नाही. तू विचारलंस तेव्हा मी दात म्हणाले."

वारा दोरखंडांवर शिट्टी वाजवत होता. त्याचं तोंड कसं होतं ते तिनं बघितलं. रागावलेलं नव्हतं, आणि 'होतं असं' म्हणणारंही नव्हतं. ते तिनं कधीच न पाहिलेलं होतं. मग त्यानं विचारलं, "कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

तो गुडघ्यावर बसला. टोपीची नाडी सोडली, टोपी काढली, आणि डाव्या कानाच्या वर, विरळ जावळावर, तळहात ठेवला. सकाळी तिनं तोफेवर ठेवला होता तसा, पूर्ण, बोटं पसरून. हिमेनानं डोळे वर करून तो हात बघायचा प्रयत्न केला. रांग पुढे सरकली, त्यांच्यापुढे दोन माणसांची जागा मोकळी झाली, तरी तो उठला नाही. एनारनं गाडीचा दांडा धरला नाही. तिचे हात बाजूला मोकळे लोंबत होते.

मागून दमलेलं एक म्हातारं जोडपं पिशव्या सांभाळत आलं, बोलण्यावरून आरागॉनकडचं. दोरखंड, पाट्या, आखलेली रांग सगळं समोर असूनही म्हातारीनं सवयीनं विचारलं, "शेवटचं कोण?"

फेर्मीननं एनारकडे बघितलं नाही. हात तिथेच, जावळावर ठेवून, मान न वळवता तो म्हणाला, "आम्ही."